आतल्या खोलीचा पॉइंट

‘टीव्हीचे दोन पॉइंट,’ विमला म्हणाली. ‘एक बाहेर, ह्यांना. आणि एक आतल्या खोलीत, मला.’

संदेशच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मी त्या वेळी इंटरनेटचा जॅक डोळ्याजवळ धरून त्याच्या भोकात बघत होतो. आत सोनेरी तारांची बारीक रांग होती, फलाटाला लागलेल्या गाड्यांसारखी शिस्तीत तिरकी उभी, आणि ती बघून मला बरं वाटत होतं. खरं तर जॅकमधलं मला काही कळत नाही. पण सगळी नोकरी रत्नागिरीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली की न कळणारी वस्तूही कळल्यासारखी हातात धरता येते. डोळा काढून मी विमलाकडे बघितलं. मिरकरवाड्यात बांगडा घेताना असतो तसाच तिचा चेहरा होता, म्हणजे तिच्या मते विशेष काही घडलं नव्हतं. मला मात्र जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं झालं. आतल्या खोलीत, मला. आमच्या संसारात दुकानातली कामं पहिल्यापासून वाटलेली आहेत. वस्तू मी मागायची आणि नको तिनं म्हणायचं. पंखा, कुकर, मुलीचं दप्तर, घराचा रंग, सगळं असंच आलं. विमलानं काउंटरवर हात ठेवून स्वतःसाठी, स्वतःच्या तोंडानं काही मागितल्याचं मला आठवेना, आणि आता मागितलं ते माझ्यापासून भिंतीपलीकडे बसण्याचं साधन.

‘म्हणजे काकी, टीव्ही पण दोन?’ संदेशनं विचारलं. त्याला काय, त्याला माल खपायचा.

‘दुसरा राही पाठवत्ये.’

हा दुसरा धक्का. राही आमची मुलगी, पुण्याला असते, कॉम्प्युटरवरचं काम करते. हा सगळा घाट तिचाच. घरातलं वायरिंग जुनं झालं होतं, पट्ट्यांवरून फिरवलेल्या वायरी मुंग्यांनी आणि समुद्राच्या हवेनं मिळून खाल्ल्या होत्या, आणि नवी इंटरनेटची लाइन घ्यायची तर राही म्हणाली, ‘बाबा, आता वायरी लोंबवू नका. सगळं भिंतीच्या आतून घ्या आणि प्रत्येक खोलीत नीट जॅक बसवा. म्हणजे मला तिथूनही काम करता येईल.’ त्या शेवटच्या वाक्यासाठी मी सगळी चिऱ्याची भिंत फोडायला तयार झालो. पण टीव्हीचं माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. मायलेकींचं ठरलेलं होतं. वेळापत्रकात एक गाडी वाढली, फलाट ठरला, आणि कंट्रोलरला पत्ता नाही. स्टँडवर असं झालं असतं तर मी डेपो डोक्यावर घेतला असता. इथे मी नुसता जॅक काउंटरवर ठेवला, आणि तो उपडा पडला.

‘आप्पा, तुम्ही मिऱ्यावर राहता ना, समुद्राला लागून?’ संदेशनं तो उचलून सरळ केला. ‘मग हा साधा नको. झाकणवाला घ्या. पिन काढली की हे झाकण आपोआप पडतं. नाहीतर खाऱ्या वाऱ्यानं आतल्या तारा हिरव्या होतात आणि मग नेट चालत नाही म्हणून मला शिव्या.’ ‘झाकणवालाच,’ विमला म्हणाली. मी म्हणायच्या आत म्हणाली. मग तिनं प्लेटा बघितल्या, पांढऱ्यावर डाग दिसतात म्हणून हस्तिदंती घेतल्या, टीव्ही आणि नेट एकाच प्लेटमध्ये येतं का हेही विचारलं. येतं म्हणाल्यावर ‘मग आतल्या खोलीत तसली,’ म्हणाली. ही सगळी पुढची तयारी होती. मी नुसता पिशवी धरून उभा राहिलो आणि एकदाही ‘नको’ म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं, कारण त्या दिवशी आमची कामं उलटी वाटली गेली होती. पण ‘नको’ म्हणण्याची मला सवय नाही, ते खातं तिचं.

परतताना स्कूटरवर पिशवी आमच्या दोघांच्या मधे होती. प्लेटांचे कोपरे पाठीत टोचत होते. मला आठवायला लागलं, पिशवी नेहमीच मधे असते का? भाजीची असते, तांदळाची असते, राही लहान असताना राही असे. नुसतीच विमला पाठीला लागून बसलीय असं शेवटचं कधी झालं? बहुतेक भाट्याच्या पुलावर, आणि तेव्हाही पुलावर वारा होता म्हणून. हे असले विचार माझे नव्हेत. माझ्या डोक्यात नेहमी कशा गाड्या असतात: राजापूर आली, लांजा सुटली, दापोलीला उशीर. निवृत्त झालो तरी घड्याळात बघितलं की आपोआप एखादी गाडी सुटते. त्या दुपारी मात्र मिऱ्याच्या रस्त्याला लागलो तरी एकही गाडी सुटेना. शेवटी मी मान थोडी वळवून वाऱ्यावर ओरडलो, ‘आत कशाला गो टीव्ही?’

‘असू दे,’ ती म्हणाली.

असू दे. स्टँडवर एखादी गाडी रद्द झाली की लोक खिडकीशी येऊन कारण विचारायचे. आम्ही माइकवर सांगायचो, तांत्रिक कारणामुळे. तांत्रिक कारण म्हणजे काय हे आम्हालाही माहीत नसे. कधी ड्रायव्हर आलेला नसे, कधी गाडीच आलेली नसे. लोक मान हलवून जात, कारण शब्द भारी होता. विमलाचं ‘असू दे’ हे तिचं तांत्रिक कारण होतं, आणि आता खिडकीच्या बाहेरच्या बाजूला मी उभा होतो. घरी पोचेपर्यंत मी स्वतःच कारणं काढत बसलो. मी घोरतो, पण टीव्ही बघताना घोरत नाही. बातम्या लावतो, पण तिच्या मालिकेची वेळ झाली की रिमोट तिच्या हाती देतो, एवढंच नव्हे, तिच्याबरोबर बसून मालिका बघतोसुद्धा. किती नवरे बघतात? नुसती बघत नाही, मन लावून बघतो. पुढे काय होणार ते तिच्या आधी माझ्या लक्षात येतं. मग दोष कुठे होता? मला तो सापडेना, आणि न सापडल्यामुळे मी आणखी घाबरलो. बायको रागावून आत गेली तर बाहेर काढता येते. न रागावता, हस्तिदंती प्लेट निवडून आत निघालेल्या बायकोला काय म्हणायचं?

घाबरलो, हे मी कबूल करतो. त्याचं कारण नुसता टीव्ही नव्हता. मी अजूनही अधूनमधून स्टँडवर चहा प्यायला जातो. तिथे आता माझ्या जागी यंत्रातली बाई बोलते. गोड आवाज, शब्द स्वच्छ, पण तिला कळत काही नाही. गाडी निघून गेल्यावर ती म्हणते, लवकरच सुटेल. मी चहाचा कप घेऊन तिला दुरुस्त करतो. बाकड्यावरची माणसं माझ्याकडे बघतात, मग तिच्याकडे, म्हणजे छताकडे, आणि तिचंच खरं मानतात. माझा आवाज एके काळी गुहागरच्या गाडीपासून कोल्हापूरच्या गाडीपर्यंत माणसं हलवत असे. एकदा म्हणालो की बायका, गाठोडी, कोंबड्या, सगळं उठून चालायला लागे. आता तो आवाज ऐकणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते झाकणवाला जॅक घेऊन भिंतीपलीकडे निघालं होतं. ती आत गेली की मी बाहेर कुणाला सांगणार? पाली सोडून घरात आणखी कोण आहे?

मितेश वायरमन दुसऱ्या दिवशी सकाळी आला तो लाल खडू घेऊन. पावसाच्या आत झिऱ्या मारून, म्हणजे भिंतीत वायरींसाठी चर खोदून, त्या बुजवायच्या म्हणून त्याची घाई चालली होती. चिऱ्याची भिंत ओली झाली की महिनामहिना सुकत नाही. त्यानं खोल्याखोल्यांतून फिरून भिंतीवर फुल्या मारायला सुरुवात केली. राहीच्या खोलीत खिडकीजवळ नेटची फुली. आतल्या खोलीत, पलंगासमोर, टीव्हीची आणि नेटची मिळून एक. ती मारताना विमला पदराला हात पुसत मागे उभी होती आणि ‘थोडी खाली, निजून पण दिसलं पायजे’ म्हणाली. निजून! मी दारात होतो. माझ्या डोळ्यांसमोर विमला एकटी, आरामात, उशी टेकून मालिका बघायला लागली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते बघून मी तिथून निघून बाहेर आलो.

बाहेरच्या खोलीत टीव्ही मोठ्या भिंतीशी असतो. मितेशनं तिथे फुली मारली, मग दोन पावलं मागे सरकून डोकं खाजवलं. ‘आप्पानू, ही गनपतीची भिंत ना?’

‘हो. का?’

‘बॉक्स हितं आला तर बाप्पाच्या बरोब्बर पाठीमागं येनार. वर माटवी, पुढं बाप्पा, आनि पाठीत केबल. बघा बा. मागनं काकी बोलतील.’

काकी तोवर पिशवी घेऊन बाजारात गेल्या होत्या. पण मी त्या भिंतीकडे बघत राहिलो, आणि मला आमचं भाद्रपदातलं घर दिसायला लागलं. गणपती आले की टीव्हीचं उच्चाटन व्हायचं. वर्षभर ज्या जागी बातम्यांतली माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडतात तिथे चुना लागायचा, पाट यायचा, वर लाकडी चौकटीला फळं, कवंडळं, आंब्याचे टाळे बांधून माटवी व्हायची, आणि टीव्ही मी उचलून आतल्या खोलीत न्यायचो. केबल खिडकीतून ओढून घ्यायची. ती पुरायची नाही. दर वर्षी मी म्हणायचो, पुढच्या वर्षी लांब घेऊ, आणि दर वर्षी तीच. म्हणून टीव्ही बसायचा तांदळाच्या पिंपावर, भिंतीकडे जवळजवळ तोंड करून, आणि तो दिसायचा फक्त पलंगाच्या एका कोपऱ्यातून. त्या कोपऱ्यात एक माणूस नीट मावतं. आम्ही दोघं बसायचो. मुंबईहून आलेले भाऊ-भावजया जेवून बाहेर देवापुढे आडवे झालेले असत, त्यांची झोप मोडू नये म्हणून आवाज इतका लहान, की टीव्हीतली बाई रडतेय की हसतेय हे तोंडावरून ओळखावं लागे. विमलाचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला. तिच्या अंगाला मोदकांच्या वाफेचा आणि हळदीच्या पानाचा वास. आम्ही बोलत नसू. बोलायची सोयच नव्हती. मालिका संपली तरी ती लगेच उठायची नाही, जाहिराती बघत बसायची, आणि गणपती गेले की टीव्ही बाहेर नेताना एकदा म्हणाली होती, ‘ऱ्हायला असता आत आणखी चार दिवस, तर काय झालं असतं?’ मी तेव्हा हसलो होतो. म्हणालो होतो, मग बातम्या कुठे बघू?

आणि त्या क्षणी, लाल फुलीसमोर, मला सगळं कळलं. मी असा एकदम कळणारा माणूस नाही. मला आधीपासून माहीत असतं. पण हे मला आधीपासून माहीत नव्हतं, म्हणून ते कळण्यात एक वेगळाच आनंद होता. विमलाला माझ्यापासून लांब जायचं नव्हतं. तिला तो कोपरा हवा होता. वर्षातले ते थोडे दिवस बाराही महिने हवे होते, पण बाईमाणूस सरळ कसं सांगणार, म्हणून टीव्हीचे दोन पॉइंट, आणि असू दे. आणि मी खुळा, दोन पॉइंटांतला एक स्वतःकडे ठेवून बाहेर बातम्या बघत बसणार होतो. माझे डोळे थोडे भरले. मितेशला वाटलं, चुन्याची धूळ गेली.

‘ही फुली पूस,’ मी म्हणालो.

‘बॉक्स सरकवू?’

‘बॉक्स नकोच. बाहेर टीव्ही नाही. टीव्ही आत, कायमचा.’

‘काकीनला इचारलाव?’

‘काकींच्याच मनात आहे.’

फुली पुसण्यापुरतं ते राहिलं असतं तर बरं. पण मितेशचा हात चालू होता. मी भिंतीकडे बघत होतो तेवढ्यात त्यानं खालच्या अंगाला झिरी मारायला घेतली होती, आणि जुन्या केबलचं भोकही तिथेच होतं. मी म्हणालो, सगळं बुजव. जुनं भोक, नवी झिरी, खिळे काढलेल्या जागा, एकूण एक. त्यानं सिमेंट कालवलं. भिंत ओल्या राखाडी पट्ट्यांनी भरत गेली आणि मी मागे हात बांधून उभा होतो. मला फार मोकळं वाटत होतं. मधल्या वेळात मी आणि मितेशनं टीव्ही उचलून आत नेला, पिंपावर नाही, फुलीखालच्या टेबलावर, कारण आता केबल भिंतीतून हवी तेवढी येणार होती. तेवढं मात्र मनाला लागलं. केबल थोडी कमीच पडायला हवी होती, म्हणजे कोपरा राहिला असता. मी पलंग ढकलून भिंतीच्या कोनात नेला. आता पुन्हा एकाच बाजूनं चांगलं दिसत होतं. माणसाला योजना करता आली पाहिजे.

विमला आली तेव्हा एका हातात मासळीची पिशवी आणि दुसऱ्या हातात शिंपिणीकडची पिशवी. उंबऱ्यातच थांबली. आधी तिनं ओली भिंत बघितली, मग रिकामी जागा, मग मला. मी हसत होतो. तिनं पिशव्या खाली ठेवल्या.

‘बाहेरचा पॉइंट कुठाय?’

‘नाहीच,’ मी म्हणालो. माझा आवाज आपोआप स्टँडवरचा झाला, मोठ्या बातमीला होतो तसा. ‘आजपासून टीव्ही फक्त आतल्या खोलीत. दोघांना. मला कळलं गो तुझ्या मनातलं.’

विमलानं माझ्याकडे असं बघितलं, जणू तिनं सुरमई सांगितली असावी आणि मी टोपलीभर दगड आणलेत. ‘अहो,’ ती म्हणाली, ‘मला एकटीला बघायचा होता.’

मितेश थापी धुवायला मागच्या दारी गेला. शहाणा आहे.

‘गणपतीत आपण बसतो ना कोपऱ्यात,’ मी म्हणालो. आवाज स्टँडवरचा राहिला नव्हता. ‘तूच म्हणाली होतीस, राहिला असता आणखी चार दिवस.’

‘म्हटलं होतं. अजून म्हणत्ये. ते दिवस मला फार आवडतात.’

‘मग?’

‘त्या दिवसांत तुम्ही गप्प असता.’

मी बोललो असतो तर तिचंच खरं झालं असतं. ती पाटावर बसली. रागावलेली नव्हती, तेच वाईट होतं. राग काढून झालेला, खूप वर्षांपूर्वी झालेला, आता नुसतं सांगणं उरलं होतं. ‘मी हर्णेची. रोज संध्याकाळी मासळीच्या लिलावाचा ओरडा ऐकत वाढलेली. मला आवाजाचं काही नाय. पण लिलावात बोली कुणावर थांबणार हे कुणाला ठाऊक नसतं, म्हणून तर माणसं ऐकतात. तुम्ही आधीच सांगता. आता ती जिन्यावरनं पडणार. आता त्याला सगळं कळणार. हा मेलेला नाय, येणार परत. गाडी सुटायच्या आधीच तुम्ही पोचल्याचं सांगता. आणि बरोबर असतं हो, तेच तर! एकदा तरी चुकलात तर मी म्हटलं असतं, बोलू देत. सगळ्या मालिका मी शेवट ऐकून बघितल्या. राहीला म्हटलं, मला एक तरी अशी बघायच्ये की पुढचं मलाच ठाऊक नाय.’

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आणि त्यातही मनाच्या एका कोपऱ्यात ‘बरोबर असतं हो’ एवढे शब्द मी उचलून ठेवले, हे सांगायला हवं, कारण मी आहेच तसा. पण बाकीचं सगळं मन त्या ओल्या भिंतीसमोर लहान होऊन उभं होतं. मी समजत होतो की मी तिला सोबत करतो. लोकांना गाडी कुठे लागेल ते आधी कळलं की ते धावत नाहीत, पडत नाहीत, त्यांची मुलं चुकत नाहीत. आधी सांगणं म्हणजे काळजी घेणं, एवढं एकच मला येत होतं, आणि तेच मी घरी आणलं होतं. घरात कुणी गाडी पकडायला बसलेलं नसतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. आणि ज्या कोपऱ्यातल्या खांद्याला मी मघाशी प्रेम समजून रडलो, तो खांदा माझ्या न बोलण्यावर टेकलेला होता. म्हणजे मी नसण्यावर. की मी असण्यावर, पण गप्प? हा फरक मला तेव्हा नीट धरता येईना. विचारायची हिंमतही होईना.

मागच्या दारातून मितेश डोकावला. हातातली थापी अजून ओली होती. ‘काकीनू, प्लास्टर ओलं हाय तवर सांगा. आत्ता खरवडतो नि बॉक्स बसवतो. उद्याच्याला मग फोडाया लागंल.’

विमला उठून भिंतीजवळ गेली. बोट लावून बघितलं. बोटाचा ठसा उठला. तिच्या मागे मी उभा, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसा. ‘खरवड’ म्हणाली असती तर काय होणार होतं? काही नाही. दोन टीव्ही, दोन खोल्या, संध्याकाळी तिच्या दारातून उजेड आणि माझ्या दारातून ओरडा, मधे चिऱ्याची भिंत. कित्येक घरांतून असतं आणि लोक सुखानं जगतात. मी काय पुढे होणार ते बघायचा प्रयत्न केला, सवयीनं, आणि मला दिसलं नाही. पहिल्यांदा मला तिच्या तोंडून पुढचा शब्द कुठला येणार ते ठाऊक नव्हतं.

तिनं भिंत वरपासून खालपर्यंत बघितली. टीव्ही नाही, वायर नाही, खिळा नाही. ‘बाप्पाची जागा मोकळी बरी दिसते,’ ती म्हणाली. ‘राहू दे, मितेश.’

मितेश आतल्या खोलीत कामाला गेला. मी विचारलं, ‘बाप्पासाठीच ना?’

‘आणि कशासाठी?’ असं म्हणून तिनं मासळीची पिशवी उचलली. मग स्वयंपाकघराच्या दारातून, पाठमोरीच, म्हणाली, ‘राहीला सांगत्ये, टीव्ही नको पाठवू म्हणून. पण आत बसायचं तर बोलायचं नाय.’

‘आणि बातम्या?’

‘मोबाइलवर बघा. कानात घालून.’

आतल्या खोलीत जॅक बसला, हस्तिदंती प्लेट बसली, केबलवाला येऊन जोडून गेला, आणि संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून झाल्यावर विमला पलंगावर येऊन बसली. पलंग कोनात का नेला म्हणून तिनं विचारलं नाही. मी जरा उशिरा आत गेलो, पाहुण्यासारखा. तोंडात गुहागरची सुपारी भरून ठेवली होती, अख्खी, न कातरता. ही युक्ती मला स्वतःलाच सुचली होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. आमच्या मधे एक उशी होती. मालिकेत एक सून होती. तिनं सासूचा जीव वाचवला होता आणि श्रेय दुसरीनं घेतलं होतं, आणि आता सगळं घर जमलं होतं, सुनेचे ओठ थरथरत होते. संगीत वाढायला लागलं. अशा संगीतानंतर काय होतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? शब्द घशातून वर आले, सुपारीवर आपटले आणि परत गेले. मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. जाहिराती लागल्या. बंधाऱ्यावर लाटा फुटत होत्या, त्या ऐकू आल्या. आमच्या घरात टीव्ही चालू असताना लाटा ऐकू येतात हे मला माहीत नव्हतं. विमलाला असणार, भाद्रपदातलं.

जाहिराती संपल्या. सून अजून उभीच होती. विमला पुढे झुकली, पायाची बोटं आखडून घेतली, लहान मुलीसारखी, आणि पडद्यावरची नजर न काढता हळूच म्हणाली, ‘सांगेल का हो ती?’

तिनं विचारलं. मला. मी तिच्याकडे बघितलं. टीव्हीचा निळा उजेड तिच्या गालावर होता, आणि तिला खरंच माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्याचं तिला इतकं सुख होत होतं, की ते मी इतक्या वर्षांत एकदाही बघितलेलं नव्हतं. मला माहीत होतं. सून सांगणार नव्हती. दार उघडून नवरा येणार होता आणि तोच सांगणार होता.

सुपारी मी गालात सारली. ‘काय माहीत,’ मी म्हणालो.

विमला माझ्याकडे वळून बघायला लागली. इतकी बघायला लागली, की टीव्हीत दार उघडलं ते तिनं बघितलंच नाही. मग तिनं मधली उशी उचलून पलीकडे टाकली.

‘सरका इकडे,’ ती म्हणाली. ‘तिथनं तिरकं दिसतं.’

मी सरकलो.